व्हॉल्व्ह अ‍ॅम्प ९० डेसिबल, सॉलिड स्टेट १०० डेसिबल: हा दहाचा फरक कानाला कळतो का?

रातकिडा

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय.

माझ्याकडे ३००बी या व्हॉल्व्हचा (दिव्यासारखी तापणारी काचेची नळी) सिंगल एंडेड अ‍ॅम्प आहे, म्हणजे सगळा सिग्नल एकाच आउटपुट व्हॉल्व्हवर. आठ वॅटचा, दोन्ही चॅनलला एकेक ३००बी, ड्रायव्हरला ६एसएन७. आजवर तो ८६ डेसिबल संवेदनशीलतेच्या (ठरावीक व्होल्टेजला एक मीटरवर किती आवाज) छोट्या बुकशेल्फ स्पीकरवर वाजवला, कधी कुरकुर नव्हती. आता स्पीकर बदलले. नवे ९८ डेसिबलचे, खाली मोठा कागदी कोनचा वूफर आणि वर हॉर्न. आवाज असा मोकळा झालाय की विचारू नका! पण गाणं थांबलं की खोलीत काहीतरी चालू राहिल्यासारखं वाटतं. खालून हुंऽऽ आणि वरून सूंऽऽ. मी ऐकतो रात्री, सगळे झोपल्यावर, हळू आवाजात. त्यामुळे दोन वाक्यांमधली शांतता जिथे हवी, नेमकी तिथेच ही जोडी हजर.

मित्र म्हणतो, ते दिवे काढ आणि सरळ ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प घे. माझ्या अ‍ॅम्पच्या कागदावर सिग्नल-टू-नॉइज (एसएनआर, सिग्नलच्या मानाने अ‍ॅम्पचा स्वतःचा आवाज किती खाली) ९० डेसिबल लिहिलंय. तो सुचवतोय त्या शंभर वॅटच्या सॉलिड स्टेटवर १०० आहे. दहा डेसिबल म्हणजे थोडाथोडका फरक नव्हे, असं तो म्हणतो.

तर प्रश्न असा: व्हॉल्व्ह म्हटला की एवढा आवाज गृहीतच धरायचा का? आणि अ‍ॅम्प बदलला तर खरंच शांत होईल का? ऐकायची खुर्ची स्पीकरपासून साधारण अडीच मीटरवर आहे. टर्नटेबल आहे, त्याला एमसी कार्ट्रिज (सुईमागचा, फार कमी व्होल्टेज देणारा भाग) आणि ते व्होल्टेज वाढवणारा व्हॉल्व्हचाच फोनो स्टेज. शिवाय लॅपटॉपवरून डॅक, म्हणजे डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा डबा.

---

कथीलवाला

रातकिडा, विकायची घाई नको. आधी ते ९० आणि १०० चं बघू, कारण निम्मी मंडळी तिथेच फसतात.

हा आकडा अ‍ॅम्पच्या पूर्ण ताकदीशी तुलना करून काढलेला असतो. तुमचा आठ वॅटचा अ‍ॅम्प आठ ओहमवर पूर्ण दमात ८ व्होल्ट देतो. त्याच्या ९० डेसिबल खाली म्हणजे जेमतेम २५० मायक्रोव्होल्ट. शंभर वॅटवाला देतो २८.३ व्होल्ट, त्याच्या १०० डेसिबल खाली म्हणजे २८३ मायक्रोव्होल्ट. बघा, कागदावर दहाने मागे पडलेला तुमचा अ‍ॅम्प स्पीकरच्या टर्मिनलवर उलट किंचित शांत निघाला! रात्री तुम्ही काही शंभर वॅटवर ऐकत नाही. स्पीकरला कागद वाचता येत नाही, गाणं नसताना टर्मिनलवर किती व्होल्ट उरलेत तेवढंच त्याला कळतं. म्हणून माझ्या टेबलावर अ‍ॅम्प आला की त्याच्या एसएनआरची मी चौकशीच करत नाही. इनपुट शॉर्ट करायचं, आउटपुटला आठ ओहमचा रेझिस्टर लावायचा आणि किती मायक्रोव्होल्ट उरले ते लिहून ठेवायचं. दोन अ‍ॅम्पची तुलना करायला हाच आकडा कामाचा.

दुसरी गोष्ट तुम्हीच सांगून टाकलीत. अ‍ॅम्प तोच आहे, स्पीकर बदललाय. ८६ वरून ९८ म्हणजे १२ डेसिबल, म्हणजे टर्मिनलवरचा आवाज चौपट व्होल्टेजचा झाल्यासारखाच. गाण्यासाठी तुम्ही व्हॉल्यूम खाली आणलात, पण पॉवर अ‍ॅम्पचा स्वतःचा आवाज व्हॉल्यूमच्या पुढच्या भागात तयार होतो, त्याला तुमचं बटण लागू पडत नाही. गुणगुण आधीही होती, जुने स्पीकर ती दाबून टाकत होते.

आता हुं आणि सूं. ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाच औषधाने दोन्ही बरी करायला गेलात तर खर्च होईल आणि काहीतरी एक उरेलच.

सूं आधी घेतो, कारण त्याबद्दल गैरसमज जास्त. रेझिस्टरमधले इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे हलत राहतात आणि त्यातून आवाज निर्माण होतो. बेल लॅब्जमध्ये जॉन्सनने तो मोजला आणि नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं, १९२८ साल. १ किलोओहमचा रेझिस्टर खोलीच्या तापमानाला २० किलोहर्ट्झच्या पट्टीत सुमारे ०.६ मायक्रोव्होल्ट देतो. हा निसर्गाचा कर आहे, ट्रान्झिस्टरवाल्यांनाही भरावा लागतो. व्हॉल्व्हमध्ये भर पडते ती कॅथोडवरून इलेक्ट्रॉन एकेक करून उडतात त्याची. हा शॉट नॉइज, पण कॅथोडभोवती जमलेला इलेक्ट्रॉनचा ढग तो बराच दाबतो. ट्रायोडसाठी (तीन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह) ढोबळ हिशोब असा की त्याचा आवाज २.५ भागिले ट्रान्सकंडक्टन्स (ग्रिडच्या एका व्होल्टमागे प्रवाह किती बदलतो) एवढ्या ओहमच्या रेझिस्टरइतका धरायचा. १२एएक्स७ या ट्रायोडचा ट्रान्सकंडक्टन्स १.६ मिलिअँपिअर प्रति व्होल्ट, म्हणजे सुमारे १५६० ओहम, म्हणजे पाऊण मायक्रोव्होल्टच्या आसपास. प्रत्यक्षात खालच्या फ्रिक्वेन्सीला फ्लिकर नॉइज असतो, तर एक ते दोन मायक्रोव्होल्ट धरा. पेंटोडमध्ये (पाच इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह) प्रवाह स्क्रीन आणि अ‍ॅनोड असा वाटला जातो, त्या वाटणीचा आवाज वेगळा. तरीही खास ऑडिओसाठी बनवलेला ईएफ८६ त्याच्या डेटाशीटमध्ये २५ हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झ पट्टीला साधारण २ मायक्रोव्होल्टच सांगतो.

तुमचा अ‍ॅम्प १ व्होल्ट आत घेऊन ८ व्होल्ट बाहेर देतो असं धरू, म्हणजे गेन ८. पहिल्या व्हॉल्व्हचे २ मायक्रोव्होल्ट आउटपुटला झाले १६. वर व्हॉल्यूम पॉटचा (बटणामागचा बदलता रेझिस्टर) वाटा. १०० किलोओहमचा पॉट मध्यावर असेल तर २५ किलोओहमसारखा वागतो, त्याचे जवळपास ३ मायक्रोव्होल्ट. दोन्ही मिळून आउटपुटला तीसच्या आत. ९८ डेसिबलच्या स्पीकरवर ३० मायक्रोव्होल्ट म्हणजे एक मीटरवर शून्य डेसिबलच्या आगेमागे. खुर्चीतून तुम्हाला ते ऐकू येणं शक्य नाही.

आता गंमत बघा. घरी बनवणाऱ्यांची लाडकी एलएम३८८६ चिप घ्या. इनपुटला तिचा आवाज २ मायक्रोव्होल्ट, आणि ती स्थिर चालायला गेन किमान १० लागतो, बहुतेक जण २० च्या वर ठेवतात. झाले ४० मायक्रोव्होल्ट. म्हणजे नुसत्या सूंचा विचार केला तर तुमचा ३००बी हरत नाहीये, कारण तो गेनच कमी देतो. तुम्हाला खुर्चीत जी सूं ऐकू येतेय ती पॉवर अ‍ॅम्पच्या मागून, बहुधा फोनो स्टेजमधून येतेय. नवा अ‍ॅम्प आणलात तर ती निमूटपणे त्याच्यातूनही येईल.

हुं मात्र तुमच्या अ‍ॅम्पची स्वतःची आहे, याबद्दल मला शंका नाही. ३००बी मध्ये वेगळा कॅथोड नसतो, फिलामेंटच कॅथोड. ५ व्होल्ट, १.२ अँपिअर. बहुतेक अ‍ॅम्पमध्ये तिथे सरळ एसी दिलेला असतो. म्हणजे ज्या तारेतून संगीताचे इलेक्ट्रॉन निघतात, तीच तार मेन्सच्या तालावर तापतेय. भरीला सिंगल एंडेड. पुश-पुलमध्ये (दोन आउटपुट व्हॉल्व्ह उलट दिशांनी काम करतात) सप्लायचा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली मेन्सची लहर, दोन्ही बाजूंनी येऊन आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकाला खातो, इथे खाणारं कोणी नाही. आणि तुमच्यात फीडबॅकही (आउटपुटचा अंश उलटा करून परत आत देणं) नसणार, म्हणजे तिकडूनही मदत नाही.

तेव्हा आधी मोजा. एक आरसीए प्लग घ्या, त्याची मधली पिन आणि बाहेरची कडी आतून तारेने जोडा. असे दोन बनवा आणि लाइन इनपुटला खोचा. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून वूफरला कान लावा, मग हॉर्नला. मग व्हॉल्यूम मध्यावर आणून परत. त्यानंतर प्लग काढून फोनो जोडा, सुई वर उचललेली असू द्या, नेहमीच्या व्हॉल्यूमला ऐका. शेवटी लॅपटॉप. प्रत्येक वेळी काय वाढलं आणि कुठून आलं ते लिहा. मल्टिमीटर असेल तर इनपुट शॉर्ट ठेवून स्पीकर टर्मिनलवर एसी मिलिव्होल्ट बघा. साध्या मीटरला हुं दिसते, सूं दिसत नाही, त्याची धाव फार तर काहीशे हर्ट्झपर्यंत. स्पीकर किंवा लोड न लावता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प चालू करू नका, आणि मी सांगेपर्यंत तळाची प्लेट उघडू नका. आत चारशेच्या घरात व्होल्ट असतात आणि स्विच बंद केला तरी कपॅसिटर ते धरून बसतात.

---

शून्यविकृती

कथीलवाल्यांचं व्होल्टचं गणित पटलं. पण त्यांनी त्या ९० च्या आकड्याला फारच सौम्य वागणूक दिली. रातकिडा, तुमच्या कागदावर ९० च्या पुढे बारीक अक्षरात ए-वेटेड असं काही आहे का बघा. माझी पैज आहे, असणार.

ए-वेटिंग म्हणजे मोजण्याआधी आवाज एका गाळणीतून घालायचा, जी कानासारखी खालच्या फ्रिक्वेन्सीला बहिरी आहे. ५० हर्ट्झला ती ३०.२ डेसिबल कापते, १०० ला १९.१. जिथे मेन्स ६० हर्ट्झची आहे तिथे थोडं कमी. समजा तुमच्या ३००बी च्या आउटपुटला ५० हर्ट्झची ३ मिलिव्होल्ट हुं आहे. सरळ मोजली तर ८ व्होल्टच्या तुलनेत ६८ डेसिबल. ए-वेटिंग लावली की तीच हुं ९८ वर जाते! दुरुस्ती काही नाही, नुसता चष्मा बदलला. म्हणजे कथीलवाल्यांचे २५० मायक्रोव्होल्ट हे गाळून उरलेले आहेत, टर्मिनलवर खरे मिलिव्होल्ट असू शकतात. सॉलिड स्टेटचा कागदही बऱ्याचदा ए-वेटेडच असतो, पण तिथे हुं मुळातच नगण्य, त्यामुळे गाळणी लावा नाहीतर काढा, आकडा दोन-चार डेसिबलच हलतो. व्हॉल्व्हवाल्यांना मात्र ही गाळणी देवासारखी पावते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

माझं मत स्पष्ट आहे. १९२७ मध्ये हॅरॉल्ड ब्लॅकने निगेटिव्ह फीडबॅक शोधला, १९४७ मध्ये विल्यमसनने तो व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये २० डेसिबल लावून दाखवला. आउटपुट स्टेजमध्ये शिरलेली हुं त्याने तेवढीच खाली जाते. एवढं सगळं होऊन गेल्यावर कोणी फीडबॅकशिवाय, एसी फिलामेंटवर, ९८ डेसिबलचा स्पीकर जोडत असेल तर गुणगुण ही तक्रार नाही, निवड आहे. नीट बनवलेला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आउटपुटला ५० ते १०० मायक्रोव्होल्ट देतो, हुं आणि सूं दोन्ही धरून. ९८ च्या स्पीकरवर ते एक मीटरला दहा डेसिबलपर्यंतही पोचत नाही. बदला आणि झोपा शांत.

---

भोंगेवाला

शून्यविकृती, "बदला आणि झोपा" इतकं सोपं नाही हो.

माझ्याकडे सगळं सॉलिड स्टेट आहे आणि तरी सूं होती. हॉर्नमागे ११० डेसिबलचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर, त्याला अ‍ॅम्प थेट जोडलेला, मध्ये क्रॉसओव्हर (फ्रिक्वेन्सी वाटणारं सर्किट) नाही. अ‍ॅम्पचा गेन २९ डेसिबल, आउटपुटला जवळपास १०० मायक्रोव्होल्ट. गणित करा: एक मीटरवर २१ डेसिबल. आकडा लहान वाटतो, पण हॉर्न तो सगळा २-४ किलोहर्ट्झच्या आसपास ओततो, जिथे कान सर्वात तीक्ष्ण. ऐकण्याचा उंबरठा तिथे शून्याच्याही खाली जातो. रात्री स्पष्ट ऐकू यायची. ड्रायव्हरच्या आधी १२ डेसिबलचा एल-पॅड (सिग्नल कमी करणारी रेझिस्टरची जोडी) टाकला, अ‍ॅम्पच्या आवाजासकट सगळंच चौथाईवर आलं. प्रश्न मिटला.

५० हर्ट्झला उलट आहे. तिथे माणसाला ऐकू यायला सुमारे ४४ डेसिबल लागतात, १०० हर्ट्झला २६-२७. म्हणून मीटरवर ५० हर्ट्झची हुं मोठी दिसते, कानाला मात्र छळते ती १०० ची.

---

रातकिडा

सगळ्यांचे आभार. बारीक अक्षरात ए-वेटेड निघालं, शून्यविकृती पैज जिंकले!

काल रात्री सगळं क्रमाने करून पाहिलं.

शॉर्ट प्लग लावून, व्हॉल्यूम शून्य: वूफरमधून हुंऽऽ, डावीकडे जास्त. खुर्चीतही येते. हॉर्नला कान चिकटवला तर अगदी पुसट सूं, एक फूट मागे आलो की काही नाही. व्हॉल्यूम मध्यावर नेला तर हॉर्नमधली सूं किंचित वाढली, तीही कान लावूनच. हुं जशीच्या तशी. मीटर: डावीकडे ३.४ मिलिव्होल्ट, उजवीकडे २.१.

फोनो जोडून: इथे मात्र सूं खुर्चीपर्यंत आली, आणि व्हॉल्यूमबरोबर वाढते. फोनोच्या एका व्हॉल्व्हला चुकून बोट लागलं तर स्पीकरमधून टिंग असा आवाज आला, घंटेसारखा.

लॅपटॉप जोडून: वेगळीच बझ्झ, बारीक आणि टोचरी. चार्जर उपसला की गायब.

अ‍ॅम्पच्या वरच्या पत्र्यावर दोन छोटी भोकं आहेत, प्रत्येक ३००बी च्या मागे एक. आत स्क्रूड्रायव्हरची खाच दिसते. शेजारी काही लिहिलेलं नाही.

---

कथीलवाला

व्वा, असा अहवाल मिळाला की काम करायला मजा येते. "आवाज येतोय हो, काहीतरी करा" एवढ्यावर दुरुस्तीला आलेले अ‍ॅम्प मी जन्मभर पाहतोय.

शून्यविकृतींचा गाळणीचा मुद्दा शंभर टक्के खरा, आणि तुमच्या ३.४ मिलिव्होल्टनी तो सिद्धही झाला. आठ व्होल्टला ३.४ मिलिव्होल्ट म्हणजे गाळणीशिवाय ६७ डेसिबल. आता या हुंचं करू.

ती भोकं म्हणजे हम पॉटची. फिलामेंटच्या दोन टोकांमध्ये एक छोटा पॉट असतो, त्याचा मधला पाय बायसच्या (व्हॉल्व्हमधला स्थिर प्रवाह ठरवणाऱ्या) रेझिस्टरकडे जातो. दोन्ही टोकांचा एसी बरोबर समतोल झाला की ५० हर्ट्झ एकमेकांना मारतात. व्हॉल्व्ह नवे असताना फॅक्टरीत लावलेलं असतं, पुढे फिलामेंट बदलतं, समतोल बिघडतो आणि त्याला कोणी हात लावत नाही.

प्लास्टिकचा स्क्रूड्रायव्हर घ्या, धातूचा नको. अ‍ॅम्प अर्धा तास गरम होऊ द्या. शॉर्ट प्लग लावा, व्हॉल्यूम शून्य, मीटर डाव्या टर्मिनलवर. एक हात पाठीमागे. पॉट केसभर फिरवा आणि थांबा. मीटर खाली येतंय की वर जातंय ते बघा. तळ सापडला की त्याच्या दोन्ही बाजूंना जाऊन खात्री करा, मग तिथेच सोडा. मग उजवीकडे. शेवटची बारीक जुळणी मीटर बाजूला ठेवून कानाने करा, कारण मीटरला सगळ्या हुं सारख्याच आणि तुमच्या कानाला नाहीत. भोंगेवाल्यांनी ४४ आणि २६ चं सांगितलंय ते इथे उपयोगी पडेल.

पॉटने ५० जाते, १०० राहते. एसीच्या प्रत्येक फेऱ्यात फिलामेंट दोनदा तापतं आणि दोन टोकं आळीपाळीने कॅथोडचं काम जास्त करतात, त्याचा १०० हर्ट्झचा अंश कुठल्याच पॉटने मरत नाही. १ मिलिव्होल्टपर्यंत आलात तर एसी फिलामेंटवर याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. एक मीटरवर ते २९ डेसिबल होतात, म्हणजे उंबरठ्याच्या जेमतेम वर. अडीच मीटरवर आणखी सहा-आठ डेसिबल पडतात.

तेवढ्यानेही समाधान झालं नाही तर फिलामेंट डीसी करा. पण आहे त्या ५ व्होल्टच्या वाइंडिंगवर ब्रिज आणि कपॅसिटर ठोकून मोकळं व्हायचं, हे करू नका. डायोड खाऊन उरलेल्या व्होल्टमध्ये रेग्युलेटरला श्वास घ्यायला जागा राहत नाही. शिवाय कपॅसिटर चार्ज होताना वाइंडिंगमधून डीसीच्या दीडपट ते पावणेदोनपट आरएमएस प्रवाह वाहतो, १.२ अँपिअरचं वाइंडिंग भाजून निघेल. वेगळा ट्रान्सफॉर्मर हवा, ८-९ व्होल्ट, ३ अँपिअरच्या आसपास, आणि प्रत्येक ३००बी ला स्वतंत्र. कॅथोड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये दोन्ही फिलामेंट जमिनीपासून साठ-सत्तर व्होल्ट वर तरंगत असतात, एकाच सप्लायला जोडली तर दोन्ही चॅनलचे कॅथोडच एक होतील. हे मात्र हात बसलेल्याकडून करून घ्या.

लॅपटॉपची बझ्झ ही ग्राउंड लूप, चार्जर आणि अ‍ॅम्पच्या अर्थिंगमधून फिरणारी. व्हॉल्व्हचा काही संबंध नाही, ट्रान्झिस्टरलाही हीच आली असती. डॅकला ऑप्टिकल इनपुट असेल तर ते वापरा, नाहीतर सिग्नलच्या तारेत ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. अर्थची पिन तोडण्याचा सल्ला कोणी देईलच, त्याचं ऐकू नका. बझ्झ जाईल आणि एखाद्या दिवशी माणूसही जाईल.

राहिला फोनो. इथे शून्यविकृतींच्या बाजूने मी उभा आहे, कारण व्हॉल्व्ह आवाजात खरोखर कुठे हरतो तर इथे. एमसी कार्ट्रिज देतं सुमारे ०.४ मिलिव्होल्ट. पहिल्या व्हॉल्व्हचा आवाज १ मायक्रोव्होल्ट धरला तरी फरक ५२ डेसिबल, आरआयएए ची पट्टी (रेकॉर्डसाठी फोनोत करावी लागणारी टोनची दुरुस्ती) सोडून बोलतोय. कार्ट्रिजची गुंडाळी १० ओहमची असेल तर तिचा स्वतःचा आवाज ०.०६ मायक्रोव्होल्टही नाही, म्हणजे निसर्ग ७७ डेसिबल द्यायला तयार आहे आणि व्हॉल्व्ह त्यातले पंचवीस खातोय. साखळीतला पहिला टप्पा सगळं ठरवतो, पुढे कितीही चांगलं लावा. उपाय दोन. एक, १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. ०.४ चे ४ मिलिव्होल्ट होऊन व्हॉल्व्हकडे गेले की फरक ७० च्या वर. दोन, पुढे जेएफईटी (एका जातीचा ट्रान्झिस्टर), २के१७० सारखा, ज्याचा आवाज १ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झच्याही खाली आहे. तोही तुम्हाला ७० च्या जवळ नेतो. नामांकित व्हॉल्व्ह फोनोंच्या आतही पहिल्या पायरीला यातलं काहीतरी एक असतं, बाहेरून फक्त दिवे दिसतात.

आणि ती टिंग म्हणजे तो व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक झालाय. आतली जाळी सैल झाली की ती हलते आणि तिच्याबरोबर सिग्नलही. पेन्सिलच्या रबराच्या टोकाने प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारा, जो घंटा वाजवेल तो पहिल्या जागेवरून काढून शेवटच्या जागेवर टाका. जात एकच असेल तरच अदलाबदल करायची.

---

शून्यविकृती

कथीलवाले माझ्या बाजूने? तारीख लिहून ठेवतो. फक्त एक भर: फोनो स्टेज जेएफईटीचा केलात तर निम्मं घर ट्रान्झिस्टरचं झालंच, उरलेलं निम्मं कशाला ताटकळत ठेवता?

---

रातकिडा

उरलेलं निम्मं राहू दे हो, ते गातं छान!

पॉट फिरवले. डावीकडे १.२ मिलिव्होल्ट, उजवीकडे ०.९. मीटरचा तळ आणि कानाचा तळ डावीकडे खरंच वेगवेगळे निघाले, कानाचा ठेवला, मीटर तिथे एक अंश वर दाखवतं. खुर्चीतून हुं आता येत नाही, वूफरपाशी वाकलं तर येते. लॅपटॉप ऑप्टिकलवर टाकला, बझ्झ साफ. टिंगवाला व्हॉल्व्ह पहिल्याच जागेवर होता, त्याला मागे पाठवला.

स्टेप-अपचं ठरवलंय, एका ओळखीच्यांनी १:१० चा आजमावायला दिलाय. सूं कमी झाली यात वाद नाही. पण आता नवीन हुं आली, फक्त फोनोवर, आणि स्टेप-अपचा डबा हलवला की बदलते. हे काय आता?

---

कथीलवाला

डबा कुठे ठेवलाय? मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी असणार. स्टेप-अप हाही ट्रान्सफॉर्मरच, बाजूच्याचं चुंबकीय क्षेत्र तो आनंदाने पकडतो आणि पुढे फोनोच्या पूर्ण गेनमधून ते वाढत जातं. तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचा डबा या फ्रिक्वेन्सीला कुचकामी, म्यूमेटलचा (चुंबकीय क्षेत्र अडवणारा मिश्रधातू) हवा.

अ‍ॅम्पपासून अर्धा मीटर तरी लांब न्या, टर्नटेबलच्या मोटरपासूनही. मग व्हॉल्यूम थोडा चढवून डबा जागच्या जागी गोल फिरवा, एका कोनाला हुं जवळजवळ बुडते. बुडाली की खाली दुहेरी टेप लावून तिथेच चिकटवा. स्टेप-अप ते फोनोची तार आखूड ठेवा. टर्नटेबलची ग्राउंडची बारीक तार स्टेप-अपच्या ग्राउंडला, आणि तिथून एकच तार फोनोला. दोन वाटा केल्यात तर पुन्हा लूप तयार.